घरच्या बागेचं ठिबक: न गळणारा जोड कसा बसवायचा

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला ठिबक शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. पण त्याच बागायतदाराच्या सांगलीतल्या बंगल्यावर जाऊन बघा. कुंड्यांची नळी बाइंडिंग वायरने आवळलेली, फाट्याच्या ‘टी’ जोडापाशी चिखल झालेला आणि शेवटच्या मोगऱ्यापर्यंत पाणी पोचलेलंच नाही, असं चित्र हमखास दिसतं. द्राक्षाच्या ओळीत नळी सरळ धावते. तिला जोड दोनच, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. घरी मात्र दहा मीटरमध्ये नळी तुळशीवृंदावनाला वळसा घालते, पायरी चढते, गाडीच्या वाटेखालून जाते आणि कढीपत्त्यासाठी एक फाटा, लिंबासाठी दुसरा फाटा देते. म्हणून शेतात विचार करायचा तो दाबाचा, आणि घरी जोडांचा.

त्यामुळे या लेखात खत, वेळापत्रक, ऑटोमेशन यांना जवळपास सुट्टी दिली आहे. टाकीपासून शेवटच्या टोपणापर्यंत एकेक जोड कसा बसतो आणि तो पाणी कशाने अडवतो, एवढंच बघू. हे एकदा कळलं की तार, एमसील, सायकलची ट्यूब असले उपाय आपोआप बंद होतात.

जोड चारच जातींचे

दुकानात फिटिंगच्या शेकडो पिशव्या टांगलेल्या असतात, पण पाणी अडवण्याच्या तऱ्हा चारच आहेत.

पहिला चिकटवलेला जोड, पीव्हीसी पाइप आणि सोल्युशनचा. सोल्युशन हा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतं आणि वाळल्यावर दोन्ही एकजीव होतात. दुसरा आट्यांचा जोड, एमटीए (बाहेरून आटे असलेलं फिटिंग) आणि एफटीए (आतून आटे असलेलं), व्हॉल्व्ह आणि फिल्टर यांचा. यात आट्यांमधली फट टेफलॉन टेप भरून काढते. तिसरा रबराचा, म्हणजे ग्रोमेटचा. पाइपला पाडलेलं भोक आणि त्यातून नळी काढायला आत ढकललेलं तोंड, म्हणजे टेक-ऑफ, यांच्यामध्ये रबर दाबलं जातं आणि ते पाणी धरतं. चौथा दात्यांचा. जॉइनर, फाट्याचा टी, काटकोनाचा एल्बो, थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर हे सगळे यात आले. नळी दात्यांवर ताणून चढवलेली असते आणि आक्रसायच्या ओढीने ती दाते घट्ट धरते.

प्रत्येक जात बिघडते तीही वेगळ्या कारणाने. चिकटवलेला जोड घाईमुळे गळतो, आट्यांचा जास्त जोर लावल्याने, रबराचा चुकीच्या मापाच्या भोकामुळे आणि दात्यांचा वाकड्या कापामुळे किंवा नळी नको तेवढी गरम केल्यामुळे. पुढचं सगळं याच धाग्याने जाईल.

आधी पाणी मोजा

सामान आणण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: पाणी किती येतं आणि किती उंचावरून येतं.

ज्या तोटीवरून ठिबक चालवायचं, तिच्याखाली २० लिटरची बादली लावून घड्याळ बघा. बादली एका मिनिटात भरली तर तासाला १२०० लिटर पाणी आहे. ताशी ४ लिटरचे ५० ड्रिपर लावले तरी लागणार २०० लिटर. घरच्या बागेत पाणी कमी पडतं ते क्वचित. कमी पडतो तो दाब.

दाबाचा हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीला साधारण १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणापासून चार-पाच मीटर उंच असते, म्हणजे अंगणात ०.४ ते ०.५ किलो मिळतो. ड्रिपरवर ४ लिटर लिहिलेलं असतं ते १ किलो दाबाचं. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतं. अर्ध्या किलोला तो सुमारे २.८ लिटर देतो, पाव किलोला २ लिटर. तेवढ्याने बिघडत नाही, फक्त वेळ वाढवायचा. गच्चीवरच्याच कुंड्यांना गच्चीवरच्याच टाकीतून द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. मीटरभर स्टँडवरची टाकी ०.१ किलो देते. तिथे उघडझाप करता येणारे मोठ्या तोंडाचे ड्रिपर, आखूड लाइन आणि टाकीच्या तळापेक्षा खाली ठेवलेल्या कुंड्या असतील तरच जमतं. नाहीतर छोटा पंप.

दाब जास्त असला तरी पंचाईत. सबमर्सिबलची लाइन थेट लॅटरलला, म्हणजे ड्रिपर लावायच्या बारीक नळीला, जोडली तर पंप सुरू होताच टी नळीतून उडून येतो. दात्यांचे जोड दोन किलोच्या वर नेऊ नयेत, घरी एक किलो भरपूर झाला. बोअरचं पाणी आधी टाकीत घ्या, तिथून बागेला.

पालिकेच्या नळालाही ठिबक थेट जोडू नका. सांगली-मिरजेत काय नि साताऱ्यात काय, नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी गेलं की लाइन रिकामी होताना आत ओढ तयार होते, आणि ड्रिपरच्या तोंडाशी असलेलं चिखलाचं पाणी उलटं आत खेचलं जातं. ड्रिपर तर तुंबतोच, पण ते पाणी पिण्याच्या लाइनमध्येही जाऊ शकतं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर घरं आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. कास तलावाचं पाणी उताराने शहरात येतं तसं तुमच्या बागेतही उतार फुकटचा दाब देतो, पण सारखा देत नाही. बागेच्या वरच्या अंगाला ०.४ किलो असेल आणि खालचा कोपरा तीन मीटर उतरत असेल, तर खाली ०.७ किलो होतो. खालचे ड्रिपर वरच्यांपेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त पाणी सोडतात. लॅटरल उतारावरून खाली न सोडता आडवी, पायरीपायरीने टाका आणि प्रत्येकीच्या तोंडाशी छोटा कॉक ठेवा. दाब आपोआप सांभाळणारे ड्रिपर उतारासाठीच असतात खरे, पण त्यांना चालायलाच जो किमान दाब लागतो तो टाकीच्या पाण्यात बहुतेकदा मिळत नाही.

माप आतून की बाहेरून

निम्म्या गळत्यांचं मूळ दुकानाच्या काउंटरवरच असतं, म्हणून इथे जरा थांबू.

बागेची हिरवी, मऊ नळी आतून मोजतात. अर्धा इंची म्हणजे आतलं भोक अर्धा इंच, साधारण साडेबारा मिमी. ठिबकची काळी लॅटरल बाहेरून मोजतात. १६ मिमी हे तिचं बाहेरचं माप आहे. आतलं माप भिंतीच्या जाडीवर ठरतं आणि कंपनीनुसार, क्लासनुसार थोडं बदलतं. दाते तर आतल्या मापावर धरतात! म्हणून एका कंपनीचा जॉइनर दुसरीच्या नळीत सैल पडतो. लॅटरल आणि तिची फिटिंग एकाच ठिकाणाहून घ्या. नंतर काही वाढवायचं झालं तर नळीचा वीतभर तुकडा खिशात घालूनच दुकानात जा. पाइप घेताना त्यावर छापलेला आयएस क्रमांक बघा, साध्या लॅटरलला १२७८६ आणि इनलाइनला, म्हणजे आतच ड्रिपर असलेल्या नळीला, १३४८८. क्लास १ पेक्षा क्लास २ ची भिंत जाड. घरी पाय पडतात, खुरपं लागतं, कुंडी सरकते, त्यामुळे क्लास २ च घ्या. दहा-वीस मीटरमध्ये पैशाचा असा काय फरक पडणार?

पीव्हीसीत याहून मोठी गंमत आहे. शेतीचा पाइप मिलिमीटरमध्ये असतो: २०, २५, ३२, ४०. घराच्या प्लंबिंगचा यूपीव्हीसी इंचात: अर्धा, पाऊण, एक. दुकानदार बोलता बोलता २५ ला पाऊण आणि ३२ ला एक इंच म्हणून जातो. पण पाऊण इंची प्लंबिंग पाइप बाहेरून २६.७ मिमी भरतो आणि एक इंची ३३.४. शेतीचा ३२ चा पाइप एक इंची प्लंबिंगच्या कपलरमध्ये (दोन पाइप जोडायच्या तुकड्यात) खुळखुळतो. मग लोक सोल्युशन थापून ती फट बुजवतात. ते महिनाभर टिकतं आणि नेमकं घर बंद असताना सुटतं. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी तिसऱ्याच मापाचा, त्याचं सोल्युशनही निराळं. दोन जातींचे पाइप जोडायचे असतील तर मध्ये आटे आणा. एका बाजूला एमटीए, दुसऱ्या बाजूला एफटीए. आट्याचं माप सगळीकडे एकच असतं.

हिरवी नळी लॅटरलला जोडायची वेळ आली तर १६ मिमीच्या जॉइनरवर अर्धा इंची नळी गरम पाण्यात बुडवून चढते. पण ती मऊ असल्याने दाते स्वतःहून धरत नाही. वरून स्टीलची स्क्रूची क्लिप हवीच.

टाकीपाशीची मांडणी

क्रम असा: टाकी, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, मग मेन लाइन. व्हॉल्व्ह फिल्टरच्या आधी हवा. नाहीतर फिल्टर धुवायला उघडला की अख्खी टाकी अंगावर येते. फिल्टर १२० मेशचा जाळीचा किंवा डिस्कचा, पाऊण नाहीतर एक इंची. त्याच्या अंगावर बाण असतो, तो पाण्याच्या दिशेला. जाळीचा फिल्टर उलटा बसला तरी पाणी येतंच, म्हणून चूक कळत नाही. पण घाण जाळीच्या नको त्या बाजूला साठते आणि धुताना निघत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडवता येणारा जोड, टाका. थोडे पैसे जातात, पण पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत ते वसूल होतात.

टेप गुंडाळताना आट्याचं तोंड स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना टेप सुटून गोळा होते. प्लॅस्टिकच्या आट्यांना सहा-आठ वेढे, ताणून, पहिला आटा मोकळा सोडून. मग फिटिंग हाताने बसेल तेवढी बसवा आणि पान्याने फार तर अर्धा-पाऊण फेरा. त्यापुढे आवळलं तर पाणी थांबत नाही, एफटीएला बारीक चीर जाते. ही चीर उन्हात उघडते आणि थंडीत मिटते, म्हणून जोड दुपारी गळतो आणि सकाळी कोरडा दिसतो. लोखंडी किंवा पितळी नर आटा प्लॅस्टिकच्या मादी आट्यात शक्यतो घालू नका, कारण चीर जाते ती नेमकी तिथेच. उलट चालतं: प्लॅस्टिक आत, धातू बाहेर.

बॅटरीवरचा टायमर लावायचा असेल तर घेण्याआधी तो आतून कोणत्या जातीचा आहे ते विचारा. सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) टायमरला उघडायला दाब लागतो आणि टाकीच्या पाण्यावर तो अडतो. आत छोटा बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर बिनदाबाच्या पाण्यावरही चालतो.

पीव्हीसी मेन

पाइप काटकोनात कापा. हॅकसॉच्या पात्याने निघालेला भुसा आणि कडेचे कुसळ कानशीने काढा. हा भुसा मेनमध्ये राहिला तर फिल्टरच्या पुढेच असल्याने थेट ड्रिपरमध्ये जाणार. आधी सगळे तुकडे सोल्युशनशिवाय जोडून बघा आणि जोडांवर पेनने खुणा करा. मग पाइप आणि फिटिंग दोन्ही पुसून, दोन्हींना पातळ सोल्युशन लावून, आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच सोडलं तर पाइप मागे सरकतो. पाणी सोडायची घाई नको. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, संध्याकाळी जोडून दुसऱ्या दिवशी सोडलं तर सगळ्यात बरं.

मेन जमिनीत गाडायची असेल तर गाडीच्या वाटेखाली तरी तिला मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून न्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि आतल्या पाइपला ओढते. सांगलीच्या मळीच्या जमिनीत जोडाभोवती चार पाट्या मुरूम किंवा वाळू टाकून मग माती ओढा.

मेनमधून लॅटरल काढणं

शेतात सबमेनला (मेनमधून निघालेल्या जाड पाइपला) भोक पाडून ग्रोमेट टेक-ऑफ बसवतात. तीच पद्धत घरी २५ किंवा ३२ च्या पाइपावर केली की फसते. ग्रोमेट सपाट बसायला हवं आणि बारीक पाइपाची गोलाई त्याला बसू देत नाही. दोन कडा उचललेल्या राहतात आणि तिथून पाणी झिरपतं. मेन ४० मिमी किंवा त्याहून मोठी असेल तरच ग्रोमेट वापरा. बारीक मेनवर पीव्हीसीचा टी टाका, त्याच्या मधल्या तोंडाला अर्धा इंची आटे घ्या आणि त्यात लॅटरल चढवायचा १६ मिमीचा आट्याचा स्टार्टर आवळा. महाग पडतं आणि जरा ओबडधोबड दिसतं, पण पुन्हा बघावं लागत नाही.

ग्रोमेट वापरणार असाल तर ड्रिलचं बिट त्या ग्रोमेटच्या मापाचंच, त्याच दुकानातून घ्या. अंदाजाने जवळचं बिट नको. अर्धा मिमी मोठं भोक म्हणजे कायमची गळती. आधी पाइपच्या टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून बघा. भोक माथ्यावर किंवा बाजूला पाडा, तळाला नको, तळाशी गाळ असतो. कडेचे कुसळ चाकूने काढा, नाहीतर रबर कापलं जातं. ग्रोमेटला साबणाचं पाणी लावून बसवा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. टेक-ऑफ सरळ धरून हलवत हलवत आत ढकला. तो ठप्प बसल्याचं हाताला कळतं. मग हलकेच ओढून बघा. सहज निघाला तर भोक मोठं झालं आहे. तो तुकडा कापून कपलर टाका आणि शेजारी नवीन भोक पाडा.

लॅटरल अंथरणं आणि दात्यांचे जोड

नळीची गुंडाळी तासभर उन्हात ठेवा म्हणजे ती मऊ पडते. सोडताना गुंडाळी चाकासारखी फिरवत सोडा. एका बाजूने वेटोळी ओढली तर प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो, तो पीळ नंतर टीला फिरवतो आणि जोड सैल करतो.

ही नळी उष्णतेने चांगलीच वाढते. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावरच्या काळ्या नळीचं तापमान पहाटेपेक्षा तीसेक अंशांनी सहज जास्त असतं, आणि एवढ्या फरकाला दहा मीटर नळी साधारण पाच सेंटीमीटर लांबते. पहाटे ती तेवढीच आखडते. दुपारी ताणून सरळ बसवलेली नळी पहाटे टीमधून स्वतःला उपसून काढते. म्हणून नळी किंचित नागमोडी टाका, दर मीटर-दीड मीटरला खुंटीने धरा आणि शक्य असेल तिथे वर पाचट पसरा. उसाचं पाचट आपल्याकडे ट्रॉलीने मिळतं. ते नळीचं ऊन वाचवतं आणि मातीतला ओलावाही.

आता प्रत्यक्ष जोड. नळी धारदार कटरने एका झटक्यात, काटकोनात कापा. खुरप्याने किंवा बोथट कात्रीने कापलेलं तोंड चेपतं आणि वाकडं होतं, मग एका बाजूला दाते पूर्ण झाकले जातात आणि दुसऱ्या बाजूला एक दाता उघडा राहतो. टोकाला माती लागली असेल तर धुवा. एक खडा दात्याखाली अडकला तरी तिथून थेंब थेंब सुरू होतो.

नळीचं टोक चहाला लागतं तेवढ्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, लगेच जॉइनर सरळ धरून ढकला आणि मधल्या कडेला टेकेपर्यंत थांबू नका. गार झाल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून बघा. काडेपेटी किंवा लायटर खिशातच राहू द्या. ज्वाळेने नळी एका बाजूला पातळ होते, तिची आक्रसण्याची ताकद जाते, आणि दात्यांचा जोड तर त्या ताकदीवरच टिकलेला असतो. लायटरने चढवलेला जोड हिवाळाभर नीट वागतो आणि पहिल्या कडक उन्हात निसटतो. मग त्यावर तार येते. तार नळीत रुतते, आणि गळती थांबायच्या ऐवजी तिच्या शेजारी दुसरी सुरू होते. जोड सुटला तर नळीचं ते टोक दोन-तीन सेंटीमीटर कापून टाका आणि ताज्या तोंडावर पुन्हा बसवा. यासाठीच नळीला थोडी ढील ठेवायची. उन्हातल्या गच्चीसाठी वरून नट आवळता येणारे लॉकचे जॉइनर मिळतात, तिथे तेच वापरा.

वळणाचं सांगायचं तर प्रत्येक वळणाला एल्बो लागत नाही. मोठ्या गोलाईत नळी स्वतः वळते. एल्बो हवा तो फक्त काटकोनात, जिथे नळी मुडपते. आराखडा काढून झाला की पेन्सिल घेऊन बसा आणि किती टी, किती एल्बो कमी करता येतात ते बघा. दोन फाट्यांऐवजी एकच नळी सापासारखी फिरवून सगळ्या कुंड्या गाठता आल्या तर नळी चार मीटर जास्त लागेल, जोड पाच कमी होतील. हा सौदा मी कधीही करेन. मर्यादा एवढीच की टाकीच्या दाबावर एका लॅटरलची लांबी पंचवीसेक मीटरच्या आत ठेवावी.

ड्रिपर लावण्याआधी नळी धुवा

सगळ्या लॅटरल जोडून झाल्या की त्यांची शेवटची तोंडं उघडी ठेवून पूर्ण धारेने पाणी सोडा. पीव्हीसीचा भुसा, टेपचे तुकडे, माती, चुकून आत गेलेला मुंगळा, सगळं बाहेर येऊ द्या. पाणी स्वच्छ आल्यावर मगच एंड कॅप लावा आणि मगच ड्रिपर. हा क्रम उलटा केला तर भुसा पहिल्याच दिवशी ड्रिपरमध्ये बसतो.

इनलाइन की वरून लावायचे ड्रिपर? नदीच्या किंवा तलावाच्या पाण्यावर, भाजीच्या सरळ वाफ्यात इनलाइन उत्तम, जोडच नाहीत. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बोअरचं पाणी जड आहे आणि इनलाइनच्या आतला ड्रिपर उघडून साफ करता येत नाही. तिथे आणि कुंड्यांसाठी सगळीकडे, साधी लॅटरल आणि वरून उघडता येणारे ड्रिपर घ्या.

भोक पंचनेच पाडा. खिळा तापवून पाडलेल्या भोकाची कड वितळून गुळगुळीत होते आणि ड्रिपर धरत नाही. नळी आडवी घट्ट धरा, पंच काटकोनात, एकाच दाबात. जोर जास्त झाला तर पंच समोरच्या भिंतीतही जातो आणि खालून गुपचूप गळती सुरू होते. नळी फिरवून खालची बाजू बोटाने तपासत चला. भोक चुकलं तर त्याच मापाचा बुजवायचा छोटा प्लग मिळतो, पाच-दहा जवळ ठेवा.

कुंडीपर्यंत न्यायला बारीक मायक्रोट्यूब वापरतात. ती तिरपी कापून थेट भोकात खुपसायची पद्धत आहे. झटपट होते, पण ट्यूब आत किती गेली ते कळत नाही, आणि मांजराने उडी मारली तरी निघून येते. दोन्हीकडे दाते असलेला छोटा कनेक्टर लॅटरलमध्ये बसवा आणि त्यावर ट्यूब चढवा. ड्रिपर ट्यूबच्या कुंडीकडच्या टोकाला, खुंटीवर. टाकीच्या दाबावर ट्यूब मीटरभराच्या आतच असावी.

किती ड्रिपर लावायचे ते मातीवर ठरतं. काळ्या मातीत पाणी बाजूला पसरतं, ओलावा कांद्याच्या आकाराचा होतो, तिथे वाफ्यात ६० सेंटीमीटरवर एक चालतो. मुरमाड जमिनीत ते सरळ खाली जातं, तिथे ३० वर. मोठ्या लिंबाला किंवा पेरूला खोडाशी एक लावून उपयोग नाही. चार लावा, पानांच्या घेराच्या कडेशी, आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवा.

चालू करून तपासणी

व्हॉल्व्ह हळू उघडा. एकदम उघडला की आतली हवा जोडांवर आपटते. पंधरा मिनिटं चालू द्या आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवत फिरा, कागद थेंबाची चुगली लगेच करतो.

मग पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारखे पेले तीन मिनिटं ठेवा. ४ लिटरच्या ड्रिपरने पूर्ण दाबाला २०० मिली भरायला हवेत, टाकीच्या दाबाला त्याहून कमी भरतील. दोन्ही पेल्यांतला फरक दहा टक्क्यांपर्यंत असेल तर काम चोख झालं. फरक मोठा असेल तर लाइन लांब झाली आहे, मध्ये नळी मुडपली आहे, किंवा एखादा एल्बो आतून अर्धा बुजला आहे. हा आकडा टाकीच्या झाकणाच्या आत पेनने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पेला पुन्हा लावाल तेव्हा तुलनेला काहीतरी हवं.

गळती आणि ऋतू

गळती दिसली की आधी जोडाची जात ओळखा. आट्यांतून थेंब येत असेल तर आणखी आवळू नका, उघडा, जुनी टेप खरवडून काढा आणि नवी गुंडाळा. चिकटवलेला जोड वरून सोल्युशन लावून दुरुस्त होत नाही, तो कापून नवा कपलर टाकायचा. ग्रोमेट झिरपत असेल तर बाहेर काढून कड बघा, कापलं असेल तर बदला. दात्यांचा जोड असेल तर नवं तोंड कापा. जोडापासून दूर, नळीच्या मध्येच, ओरखड्यांसह भोक दिसलं तर ते खारीचं काम. उन्हाळ्यात तिला पाणी हवं असतं. नळीशेजारी उघड्या मातीच्या भांड्यात पाणी ठेवलं की त्रास बराच कमी होतो. भोकाचा भाग कापून जॉइनर टाकायचा.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं आणि नळाला कितीही शुद्ध करून आलं तरी टाकीच्या तळाशी गाळ बसतोच. ठिबकची तोटी टाकीच्या तळापासून चार बोटं वर घ्या. पंधरवड्याला फिल्टर धुवा आणि एंड कॅप उघडून नळी वाहू द्या. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या अंगणात पुराचं पाणी आलं, त्यांनी युनियन सोडवून फिल्टर आणि टायमर जुलैच्या मध्यालाच वर नेऊन ठेवावेत, मेनचं तोंड टोपणाने बंद करावं. पूर ओसरल्यावर सगळी टोकं उघडून आधी नळी धुवायची, गाळ वाळला की तो आत दगड होतो.

जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर येतो. ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी जुन्या ब्रशने घासा. शेतात यासाठी ॲसिड सोडतात, घरी त्याची गरज नाही आणि मुलं असलेल्या घरात तर नकोच. हिरवं शेवाळ दिसलं तर दोष टाकीचा. पांढऱ्या, पातळ टाकीतून उजेड आत जातो, तिला काळं कापड गुंडाळा किंवा सावलीत न्या. जीवामृत कितीही गाळलं तरी ठिबकमधून सोडू नका, तांब्याने मुळाशी घाला.

एका जुन्या डब्यात चार जॉइनर, दोन टी, दोन एंड कॅप, दहा प्लग, थोडे ड्रिपर, टेपचं एक रीळ, पंच आणि लॅटरलचा मीटरभर तुकडा टाकून तो डबा फिल्टरशेजारीच टांगा. रविवारी संध्याकाळी जोड सुटतो तेव्हा ठिबकचं दुकान बंद असतं.